दोन नळ्यांमधलं अंतर

मायक्रोस्कोपला डोळे लावायच्या दोन नळ्या आज पुन्हा एकमेकींपासून दूर सरकलेल्या होत्या. फार नाही, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढ्या. मोठ्या मॅडमनी त्या सवयीने जवळ ओढल्या, तेव्हा कुठे दोन वर्तुळांचं एक झालं. मग छोट्या मॅडमनी दिवसभरात तपासलेल्या स्लाइड्सचा ट्रे त्यांनी पुढ्यात घेतला.

लॅब रिकामी झाली होती. ही दोन्ही नावं लॅबनेच पाडलेली. मोठ्या मॅडम विभागप्रमुख, छोट्या मॅडम त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर. गाठीतल्या पेशींमध्ये कर्करोग आहे की नाही, हे दोघी पाहत. हल्ली सोप्या स्लाइड्स यंत्रच बाजूला काढी. माणसांच्या वाट्याला उरत त्या अवघड. छोट्या मॅडमना स्वतंत्रपणे सही करू द्या, असं संचालक वर्षभर सांगत होते. मोठ्या मॅडम दर वेळी म्हणत, "अजून थोडी तयार होऊ दे तिला." अहवालांवर सह्या त्याच करत; पण रोज संध्याकाळी सगळ्या स्लाइड्स त्या गुपचूप पुन्हा बघतात, हे कोणालाच ठाऊक नाही असं त्यांना वाटे.

ट्रेमध्ये चूक एकही नव्हती. 'शंकास्पद' अशी खूण केलेल्या स्लाइड्स मात्र पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. मोठ्या मॅडमनी त्या एकेक करून निकालात काढल्या. घरी जाताना त्यांना अगदी छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्या मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मॅडम, ही जरा बघता? सर्जन सर थांबलेत. आपण हो म्हटलं, तर उद्या सकाळी त्या बाईंचा स्तन काढणार आहेत."

"तुला काय वाटतं?"

"शंकास्पद म्हणून ठेवली होती. तुम्ही संध्याकाळी बघालच, मग आत्ताच बघा ना."

मोठ्या मॅडमचा हात नळ्यांकडे गेला होता, तो तिथेच थबकला.

"मी संध्याकाळी बघते, हे कोणी सांगितलं?"

"या नळ्यांनी. रोज सकाळी मला एकाच्या जागी दोन वर्तुळं दिसतात. तुमचे डोळे जवळजवळ, माझे हे असे बेडकासारखे लांब लांब." छोट्या मॅडम हसल्या, मग जरा चाचरत म्हणाल्या, "आधी राग यायचा. नंतर बरं वाटायला लागलं. आता खरं सांगू? अडलं की मी फार डोकं चालवत नाही. मागे तुम्ही आहातच."

इतके दिवस डोळ्यांत तेल घालून केलेल्या राखणीचं हे फळ. मोठ्या मॅडमनी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"बस."

"मी?"

"तूच. आणि काय दिसतंय ते मोठ्याने सांगत जा."

छोट्या मॅडम बसल्या. बराच वेळ नुसता स्क्रू फिरल्याचा आवाज येत राहिला.

"पेशींची केंद्रकं मोठी आहेत. एकसारखी नाहीत. पण आजूबाजूला सूजही आहे. सुजेनेसुद्धा अशी दिसतात."

"मग कशाने कळेल?"

"दुसऱ्या रंगाने रंगवून बघावं लागेल. त्याला उद्या दुपार होईल." त्यांनी मान वर करून मोठ्या मॅडमकडे पाहिलं. मोठ्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "आज मी हो म्हणणार नाही. नाही, असंही म्हणणार नाही."

फोन वाजला. छोट्या मॅडमनी तेच सर्जनना सांगितलं, थोडा वेळ ऐकून घेतलं आणि फोन पुढे केला.

"तुम्हालाच द्या म्हणताहेत."

"मॅडम, घरचे सगळे ताटकळलेत हो," सर्जन म्हणाले. "थिएटर मिळवायला मी किती मिनतवाऱ्या केल्यात, तुम्हाला काय सांगू. त्या नवीन आहेत, घाबरतात. तुम्ही एकदा डोळा लावा, दोन मिनिटांचं तर काम."

मोठ्या मॅडमना दोन मिनिटंही लागली नसती. नळ्या हाताच्या अंतरावर होत्या, छोट्या मॅडमच्या डोळ्यांच्या मापाला लावलेल्या. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला आणि मायक्रोस्कोपकडे पाठ केली.

"ऑपरेशन पुढे ढकला," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून या स्लाइड्सवर सही त्यांचीच असेल. त्यांनी थांबा म्हटलंय ना, मग आपण थांबायचं."