दुर्मीळ वेल, हात लावू नये

भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वर्षाराणी जगदाळेंना श्रावणात वेल्ह्याच्या वर, धनगरवाड्याच्या रस्त्याकडेला करवंदीच्या जाळीत एक नाजूक वेल दिसली. समोरासमोर पानं, काट्यांतून पिळे घेत वर चढलेली सुतळीएवढी दांडी. कंदीलपुष्पाच्या कुळातली, एवढं त्यांनी ओळखलं; पण नेमकी कोणती, ते फुलाशिवाय सांगता येईना. कळ्या तर अजून मुगाएवढ्या होत्या.

शेळ्या घेऊन आलेल्या सगुणाबाईंना त्यांनी हात जोडले. "मावशी, या जाळीला शेळ्यांचं तोंड लागू देऊ नका."

"न्हाई लागू देत. पर हाय काय त्यात?"

"फार दुर्मीळ वेल आहे. अशी काट्यांच्या आत, सावलीलाच जगते."

खाली गावात त्यांनी सरपंच हनुमंतरावांनाही सांगितलं. हनुमंतराव भला माणूस. पुण्याची माणसं पानशेतला गर्दी करतात आणि आपल्याकडं कुणी फिरकत नाही, हे त्यांना फार लागायचं. "आपन जपू तिला, मॅडम. काळजीच नगा करू."

फूल बघायला वर्षाराणींनी पुण्याहून त्यांच्या जुन्या सरांना बोलावलं. सर वेलींचे मोठे जाणकार. ते येणार म्हटल्यावर गावानं वेल जपायला घेतली. सरांना काटे लागू नयेत म्हणून जाळी साफ तोडली. वेल पडू नये म्हणून बांबूला नाडीनं आवळली. भोवती तारेचं कुंपण घातलं आणि आत लोखंडी पाटी उभी केली: 'दुर्मीळ वेल. हात लावू नये.'

सर आले तेव्हा बांबूवर वाळकी काडी लोंबत होती.

"असू दे," सर म्हणाले. "खाली कंद असेल. पुढच्या पावसात फुटेल." गुडघे टेकून ते माती उकरू लागले. हाताला सिमेंट लागलं.

"पाटी नेमकी कुठं रोवली?" वर्षाराणींनी विचारलं.

"बरोब्बर मुळाशी!" हनुमंतराव म्हणाले. "लांब लावली तर लोकास्नी कळायचं कसं?"

"खड्ड्यातून बटाट्यासारखं काही निघालं?"

"निगालं की. टाकलं बाजूला."

कुंपणाबाहेरून सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "त्ये शेळीनं खाल्लं. तुमी जाळीचं बोलला व्हता. भाइर पडल्यालं काय बोलला न्हाई."

सरांनी सत्काराची शाल घेतली, चहा घेतला आणि निघून गेले. वर्षाराणींना हसावं की रडावं कळेना. रागवायचं तरी कुणावर? सगळ्यांनी जीव लावून केलं होतं.

पाटीपाशी मात्र गाड्या थांबू लागल्या. कुंपणावर कुठंही उगवते तसली एक गारवेल चढली होती. लोक तिच्यासोबत फोटो काढायचे. हनुमंतराव खूश होते.

पुढच्या भाद्रपदात वर्षाराणी खूप वर, कड्याखालच्या एका जाळीत वाकून बघत होत्या. आत काट्यांआड हिरवट कंदील लोंबत होते. तळाशी फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली. नाव आता पक्कं झालं. इतक्यात मागं घंटा वाजली. शेळ्या आणि सगुणाबाई.

"काय बगताय, मॅडम?"

वर्षाराणी गडबडल्या. "करवंदं."

"भादव्यात?"

सगुणाबाईंनी जाळीकडं पाहिलं, मग मॅडमकडं. मग शेळ्यांना हाळी देऊन कळप दुसऱ्या अंगाला वळवला.

"सरपंचाला बोलू नगा बरं," जाता जाता त्या म्हणाल्या, "हितं करवंदं हायेत म्हनून."