सीलबंद दालनातली काच

सिंदेवाहीपासून अकरा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या मत्स्यदर्शन केंद्रातली मोठी काच मे महिन्यात एका सकाळी तडकली. दुपारच्या जेवणाआधी चौकशी पूर्ण झाली. व्यवस्थापक गुणवंतरावांनी चौकशीत एकच प्रश्न विचारला.

"सकाळी काच कोणं पुसली?"

"मीच पुसली," रोजंदारीवर साफसफाई करणारी ललिता मडावी म्हणाली. काच रोज तीच पुसत असे.

"मंग झालं."

टाकी दहा फूट लांब होती आणि तिच्यात दोन हजार लिटर पाणी राहत असे. आत कतला, रोहू आणि तीन मरळ होत्या. हे सगळे मासे पन्नास पावलांवरच्या तलावात फुकट पाहायला मिळतात, पण तिथे त्यांच्याखाली पाटी नाही. टाकीखाली आलापल्लीच्या सागवानाचा कोरीव पायथा होता. त्याच्या पुढच्या पट्टीवर सात वाघ एका रांगेत चालले होते आणि शेवटच्या वाघाच्या शेपटीपाशी 'संकल्पना : गुणवंतराव' असं कोरलं होतं. फेब्रुवारीत उद्घाटनाला आलेल्या मंडळींनी माशांपेक्षा वाघांसोबत जास्त फोटो काढले.

काच बदलायला नागभीडहून अश्वजित रामटेके आला. दुकानांच्या दर्शनी काचा आणि टाक्या बसवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. ललिताने मासे जाळीने धरून प्लॅस्टिकच्या पिंपांत काढले आणि पिंपांवर ओली पोती टाकली. टाकी रिकामी झाली तेव्हा अश्वजितने काचेवरून बोट फिरवलं. तडा खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वाकत वाकत वर गेला होता.

"बाई, कशानं मारलं म्हणतेत साहेब?"

"पोछ्याच्या दांड्यानं."

"दांडा लागला असता तर इथी मधात जाळं पडलं असतं. हे तर बुडातून निघालं आहे."

त्याने पायथ्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला. त्याने ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, तर बुडबुडा उलट्या टोकाला गेला. पायथा पिळवटला होता. शिवाय काच आणि लाकूड यांच्यामध्ये उंचसखलपणा झेलणारं काहीच नव्हतं.

"थर्माकोल कुठी गेला?"

"साहेबांनी काढाले लावला," ललिता म्हणाली. "वाघाच्या डोक्यावर पांढरी पट्टी दिसे म्हणे."

ललिताचा बाप जंगू हा लाकूड डेपोत थप्प्या लावण्याच्या कामावर होता. लहानपणी ती त्याच्या मागे थप्प्यांमधून फिरली होती. ती वाकून पायथ्याच्या मागच्या बाजूला गेली, भिंतीकडच्या तुळईच्या टोकावरची धूळ तिने पदराने पुसली आणि अश्वजितला बोलावलं. तिथे डेपोत मालावर मारतात त्या हातोड्याचा ठसा होता. ठशात याच वर्षाचं साल होतं.

"जानेवारीचा माल हाये, भाऊ. ओला. माहा बाप अशा लाकडाची खाट नाई करू देत."

ओलं सागवान, त्यावर मे महिन्याचं ऊन, आणि त्यावर दोन टन वजन. अश्वजितने हे गुणवंतरावांना सांगितलं. गुणवंतरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते कधीच कमी पडत नसत.

"म्हणजे आलापल्लीचा सागवान खराब?"

"सागवान चांगला हाये साहेब. वाळला नाई. आठ माणसं लावा, टाकी उचलू, खाली थर्माकोल टाकू. पायथा तर बदलावाच लागते."

"केंद्राची समिती या पायथ्याचं कौतुक करून गेली. तू काच बसव. आन् एक दाखला लिहून दे, बाहेरून मार लागून फुटली म्हणून."

"काच बसवून देतो. दाखला नाई देत."

"काऊन? तुहं काय जाते?"

"माही सही जाते, साहेब."

गुणवंतरावांना हे उत्तर विनोदी वाटलं. सहीला ते इतकं कधीच जपत नव्हते. त्यांनी दाखल्याशिवायच ललिताच्या नावे नोटीस काढली: निष्काळजीपणामुळे शासकीय मालमत्तेचे नुकसान झाल्याचे दिसून येते, पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. केंद्र एका खाजगी समितीचं होतं. पण 'शासकीय' शब्द लिहिला की नोटिशीला वजन येतं, असा त्यांचा अनुभव होता.

पिंपांतले मासे उन्हाने वर येऊन तोंडं उघडू लागले होते, म्हणून पायथा तसाच ठेवून अश्वजितने काम हाती घेतलं. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढायला त्याला दीड दिवस लागला. जुन्यावर नवं धरत नाही, हे तो स्वतःशीच म्हणत होता. नवी काच बसली, कडा भरल्या, दालनभर सिरक्यासारखा आंबट वास पसरला. सात दिवस त्याने टाकीत थेंब पडू दिला नाही; तोवर ललिता पिंपांतलं पाणी रोज बदलत राहिली. आठव्या दिवशी पाणी भरलं, मासे सोडले आणि जाताना तो ललिताला म्हणाला, "बाई, त्या काचेपाशी उभी नको राहू."

उभं राहण्याचा प्रश्न आलाच नाही. खुलाशाची मुदत संपेपर्यंत ललिताचा हात लागू नये, म्हणून गुणवंतरावांनी दालनाला कुलूप लावलं. कुलपावर कापड गुंडाळून लाख ओतली, लाखेवर केंद्राचा शिक्का उठवला. एकच चावी होती, ती खिशात घातली.

"आता पाहू कशी फुटते ते," ते म्हणाले.

ललिता हजेरीला येत राहिली आणि बाहेरच्या पायरीवर बसू लागली. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास दाराखालून पाणी आलं. आधी तिच्या चपला ओल्या झाल्या, मग पायरी. तिने गुणवंतरावांना फोन लावला. ते चंद्रपूरला समितीच्या बैठकीत होते.

"साहेब, पाणी येऊन राह्यलं. कुलूप तोडू का?"

"हात लावू नको. सील आहे त्याले."

"मासे मरतीन."

"हात लावू नको म्हटलं ना."

कुलूप तोडलं तर दोष आपल्यावर येणार, हे तिला फोन करण्याआधीच माहीत होतं. आत काहीतरी फडफडल्याचा आवाज येत होता. तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला, आधी लाख, मग शिक्का, मग दाराखालचं पाणी, आणि तो अश्वजितला पाठवला. मग तलावातून चार पिंपं भरून आणली आणि दारापाशी मांडून ठेवली.

गुणवंतराव अडीच तासांनी आले. त्यांनी स्वतःचा शिक्का स्वतः तपासला. शाबूत होता. दार उघडलं. तडा त्याच कोपऱ्यातून, तसाच वाकत वर गेला होता आणि खालचा तुकडा सुटून पडला होता. कतला आणि रोहू मेले होते. ओल्या फरशीवर तिन्ही मरळ जिवंत होत्या, कारण मरळ हवेवर तग धरते. ललिताने त्यांना उचलून पिंपात टाकलं.

"कसं झालं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मी बाहेर होती, साहेब."

तिने खुलासा त्याच दिवशी दिला. त्यात एकच ओळ होती: काच फुटली तेव्हा चावी कोणाकडे होती ते कळवावे.

त्या ओळीला उत्तर आलं नाही. नोटीस मात्र मागे घेण्यात आली, 'मानवतावादी दृष्टिकोनातून'. नवा, वाळलेल्या लाकडाचा पायथा आला, टाकीखाली थर्माकोल बसला आणि अश्वजितने पुन्हा काच बसवली. गुणवंतरावांनी थर्माकोलला तपकिरी रंग लावून घेतला आणि ही सूचना आपलीच असल्याचं समितीला कळवलं. सात वाघ त्यांच्या खोलीत गेले. तिथे त्यांच्यावर फाइली ठेवतात.

ललिताला चावी द्यायला ते स्वतः आले. तिने ती घेतली नाही. हजेरीचं रजिस्टर उघडून पुढे केलं.

"आधी लिहून द्या. काच साबूत, म्हणून. रोज."

"माह्यावर विश्वास नाई का तुहा?"

"नाई."

बाहेर शाळेची सहल थांबली होती आणि दार बंद होतं. त्यांनी लिहून दिलं.

आता रोज सकाळी दहा वाजता गुणवंतराव टाकीसमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि काचेचे चारही कोपरे पाहतात. मरळ आतून त्यांच्याकडे पाहते. मग ते सही करतात. सही झाल्यावर ललिता फडकं ओलं करते.