जागच्या जागी रोवलेल्या काड्या

त्या हंगामात आमच्या फ्रिजचं दार मी देवाचं नाव घेऊन उघडायचे. लोण्याच्या डब्याला लागून औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या मांडलेल्या असत, आणि प्रत्येक डबीत एक भुंगेरा, गारठून गप पडलेला.

"मामी, मेलेले नाहीत गं ते," भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं. "हा प्राणी फार चपळ. गार केला की जरा वेळ हलत नाही, मग पाठीवरच्या खुणांचा फोटो नीट निघतो. नंतर जिथून आणला तिथेच नेऊन सोडते."

"मग तुझ्या मामालाही ठेव त्यात एकदा," मी म्हटलं. "लग्नापासून एका फोटोत डोळे उघडे नाहीत त्यांचे."

"ऐकू येतंय मला," हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

भाची म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून तिला आम्ही नाकतोडी म्हणतो. हातपाय लांबच लांब आणि एका जागी ठरणं ठाऊक नाही. ह्यांची बहीण दूर शहरात नोकरीला, त्यामुळे शाळेची प्रत्येक सुट्टी पोरीने आमच्याकडे काढली. आम्हाला मूल नाही. सुट्टी संपून ती गेली की हे दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत, आणि विचारलं तर म्हणायचे, दात दुखतोय.

आता ती शिकून किड्यांची पाहणी करणाऱ्या कचेरीत लागली होती. आमच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत एक दुर्मीळ भुंगेरा राहतो, तो किती उरलाय आणि कशाने कमी होतोय हे बघायला तिला पाठवलं होतं. कचेरीने खोली देऊ केली होती. ती सरळ आमच्या दारात येऊन उभी राहिली, पाठीवर जाळी, हातात ट्रंक. हे म्हणाले, "एवढी शिकलीस ते माश्या मारायला?" ती म्हणाली, "माश्या नाहीत, भुंगेरे. आणि मारायला नाही, मामा, जगवायला." झालं. त्या दिवसापासून हे जो भेटेल त्याला सांगत सुटले, आमची नाकतोडी भुंगेरे जगवते.

भुंगेरा मीही पाहिला. नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा, पाठीवर पांढऱ्या वेलांट्या. आपण चार पावलं टाकली की उडतो, पुढे जाऊन बसतो आणि वळून आपल्याकडेच बघतो, जसं काही आपणच त्याच्या घरात शिरलोय. त्याची अळी टेकडीच्या पायथ्याशी वाळूत उभं बीळ करून राहते. काडीएवढं भोक, आत वीतभर खोल. अळी तोंडाशी डोकं टेकवून बसते, मुंगी आली की धरते. जागा सोडून कुठे जात नाही. बीळ गेलं की ती गेली.

आता ह्यांचं काम सांगायला हवं. हे नगरपालिकेचा ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॅक्टरच्या मागे रुंद लोखंडी दाताळं. रोज पहाटे भरतीच्या रेघेपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत वाळू विंचरायची, शेवाळ, बाटल्या, काचा, जे काही असेल ते ओढून काढायचं. वय झालं तसं कागदोपत्री ह्यांना घरी बसवलं होतं, पण ते जुनं यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाताला ऐकेना, म्हणून वर्षावर्षाच्या बोलीवर परत बोलावत. यंत्र आहे तोवर तुम्ही आहात, असं साहेब म्हणाला होता. ह्यांचे गुडघे गेलेले. घरात दोन पायऱ्या चढताना भिंत धरायचे, आणि त्या सीटवर बसले की पाठ ताठ. मी त्या ट्रॅक्टरला सवतच म्हणायचे. "सवतीला तेल घातलंत का? मग मलाही जरा पाठीला चोळून द्या."

नाकतोडीने पायथ्याच्या एका पट्ट्यात बिळं शोधली आणि प्रत्येक बिळाशेजारी आइस्क्रीमची एक काडी रोवली. काडीची टोकं लाल नेलपॉलिशने रंगवली होती. ते मी दिवसभर बसून केलं. प्लास्टिकचं काही वाळूत नको म्हणून लाकडी काड्या. दर आठवड्याला जाऊन प्रत्येक काडीशी बघायचं, अळी आहे का, वाढली का.

रात्री जेवताना ती ह्यांना म्हणाली, "मामा, माझ्या काड्या तेवढ्या सांभाळ हं. एकही काडी जागची हलली तर सगळं काम पाण्यात."

"माझ्यावर सोड," हे म्हणाले. "काडी हलली तर मिशी काढीन."

"नको बाबा," मी म्हटलं. "मग चेहऱ्यात बघण्यासारखं काय उरलं?"

पहिले काही दिवस मजेत गेले. ती ऊन चढल्यावर जायची, कारण भुंगेरे उन्हाशिवाय बाहेर येत नाहीत. वाळूवर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून बसायची. लोक विचारायचे, बाई, काही हरवलंय का? संध्याकाळी लाल होऊन घरी यायची, खोबरेल मागायची, आणि एका अळीने मुंगळा कसा ओढला ते हातवारे करून सांगायची. हे ऐकत बसायचे. ऐकताना त्यांचा घास हातातच राहायचा.

मग तिचं बोलणं कमी झालं. काड्या सगळ्या होत्या, एकही हललेली नव्हती, पण बिळं दिसेनात. आधी थोडी गेली, मग बरीच. पलीकडे खडकांच्या आड, जिथे ट्रॅक्टर जात नाही, तिथे बिळं व्यवस्थित होती. या पट्ट्यात मात्र काडीशेजारी नुसती सपाट वाळू.

"ट्रॅक्टर तर फिरत नसेल ना गं त्यावरून?" मी विचारलं.

"छे. फिरला असता तर काड्या मोडल्या नसत्या का? मामा वळसा घालून जातो. काड्या बघ ना, जागच्या जागी." ती नखं खायला लागली. "काहीतरी रोग पडलाय, मामी. नाहीतर माझ्याच हाताळण्याने मरतायत. मीच रोज तिथे गुडघे टेकते."

तिच्या वरच्या मोठ्या बाई फोनवर ओरडल्या असाव्यात. मी चहा घेऊन गेले तर ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. "त्या म्हणतात, कारण सापडत नसेल तर पाहणी बंद करून परत ये. दुसऱ्या कुणाला पाठवू." हे दारात उभे राहून ऐकत होते. त्या रात्री ह्यांनी भातावर दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखा चष्मा घरीच विसरून गेले. चष्म्याशिवाय ह्यांना लांबचं दिसतं, जवळचं नाही. म्हटलं, नेऊन द्यावा, तेवढंच चालणं होईल. उजाडत होतं. टेकडी उतरून मी खाली आले तर ट्रॅक्टर उभा, आणि हे खाली वाळूत, चक्क गुडघ्यांवर. पडले की काय!

धावत गेले. पडले नव्हते. हे नाकतोडीच्या काड्या उपटत होते. एक काडी काढायची, तिच्या जागी एक शिंपला ठेवायचा, काडी टोपीत टाकायची. पुढची काडी, पुढचा शिंपला.

"अहो, हे काय करताय?"

"तू कशाला आलीस ओल्यात?" हे म्हणाले. "सरक, शिंपला तुडवशील."

एक ओळ काढून झाली की शिंपले जरा बाजूला, टेकडीच्या अंगाला, तेवढ्याच अंतरावर सरकवून ठेवत. मग ट्रॅक्टरवर चढून तेवढ्या पट्ट्यावरून दाताळं फिरवत. उतरून परत गुडघ्यावर. शिंपल्यावरून दोरी धरून, बोटांनी माप घेऊन, काडी पुन्हा तिथेच. लाल टोक वर. दाताळ्याच्या रेघा ऊन चढेपर्यंत वारा पुसून टाकायचा.

"रोज करता हे?"

"एक दिवसाआड. रोज गुडघे ऐकत नाहीत." चेहऱ्यावर केवढा अभिमान! "एक काडी बोटभर इकडची तिकडे नाही. तपासून बघ. पोरगी इथे उघड्या गुडघ्यांनी बसते. परवा याच जागी फुटकी बाटली निघाली. मला काय वळसा घालून जाता आलं नसतं? पण मग काचा तशाच राहिल्या असत्या ना."

मी एका काडीकडे बोट केलं. "अहो, त्या काडीशेजारी काय असतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"काय असतं? तिची खूण. किडे तर वर टेकडीत राहतात ना?"

"कशाची खूण?"

मी चष्मा पुढे केला. ह्यांनी तो घातला, पुढच्या, अजून न विंचरलेल्या ओळीत एका काडीशी वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. तिथे एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी चिमुकलं डोकं. ह्यांची सावली पडली तसं ते झटकन आत गेलं.

"घर आहे गं हे," हे म्हणाले.

ह्यांनी ट्रॅक्टर बंद केला. घरी येताना वाटेत एक शब्द नाही. दात दुखतोय का, असं मी विचारलं नाही.

नाकतोडी दात घासत होती. ह्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, शिंपले, दोरी, बोटांचं माप, सगळं. तिने ब्रश तोंडात तसाच ठेवून ऐकलं. मग हसायला लागली. इतकी हसली की फेस सगळा अंगावर सांडला. आणि मग तशीच हसता हसता ह्यांच्या खांद्याला डोकं लावून रडली.

"अरे मामा! मला वाटलं मीच मारतेय त्यांना."

"तू नाही. मी."

ते झाल्यावर मात्र ती एकदम शांत झाली, आणि का ते मला कळलं. कारण सापडलं होतं. खडकाआड बिळं आहेत, दाताळ्याखाली नाहीत, हे तिने लिहिलं की पायथ्याशी यंत्र बंद होणार. आणि पायथा वगळला तर उरलेल्या चिंचोळ्या पट्टीसाठी कोण ट्रॅक्टर ठेवतो? यंत्र आहे तोवर तुम्ही आहात.

दिवसभर ती खोलीत बसून राहिली. संध्याकाळी बाहेर आली. "मी कळवते, कारण नक्की सांगता येत नाही. वाऱ्याने वाळू सरकली असेल. पुढच्या वर्षी बघू म्हणते. तोवर मामाचा करार…"

"पुढच्या वर्षी अळ्या असतील का?" ह्यांनी विचारलं.

तिने परत नख तोंडात घातलं.

"मग वाऱ्याला कशाला मधे घेतेस? वारा काय तुझा मामा आहे?"

"मामा, तुझा ट्रॅक्टर जाईल."

"माहीत आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" हे चिडले, पण ते तिच्यावर नव्हे. "एक सांग. मी तुला म्हटलं असतं की काडी जागेवरच होती, आणि मनातून मला ठाऊक असतं की मी ती कुठेतरी खुपसलीय, तर तुला चाललं असतं का?"

"नाही."

"मग मला कसं चालेल? लिही. नीट लिही. आणि त्यात हेही लिही की काड्या जागच्या जागी होत्या. तेवढं माझं राहू दे."

मी आत जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच होती ती.

तिने लिहिलं. मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा ती स्पीकर बंद करायला विसरली. मोठ्या बाई म्हणत होत्या, इतका चोख पुरावा आपल्याला मुद्दाम प्रयोग करूनही मिळाला नसता, कोण आहे तो माणूस? नाकतोडी म्हणाली, "माझा मामा." हे मिशीवरून हात फिरवत बाहेर गेले.

महिना उलटायच्या आत नगरपालिकेचा निर्णय आला. टेकडीच्या पायथ्याशी यंत्र नाही, काचा आणि कचरा हाताने वेचायचा. ट्रॅक्टर दुसऱ्या गावच्या किनाऱ्याला, तिथे नवा माणूस. साहेब चांगला, घरी येऊन सांगून गेला. ह्यांनी त्याला चहा दिला आणि दाताळ्याचा तिसरा दात ढिला आहे, तेवढं नव्या माणसाला सांगा, म्हणाले. साहेब गेल्यावर मी म्हटलं, "गेली बाई एकदाची सवत." हे हसले नाहीत. मीही नाही हसले.

ट्रॅक्टर आगारात पोहोचवायचा होता. आदल्या दिवशी ह्यांनी तो धुतला, चाकांच्या खाचांतली वाळूसुद्धा कोरून काढली. निघताना नाकतोडी चाकावरच्या पत्र्यावर चढून बसली.

"तू कुठे?"

"आगारात. तू रस्ता चुकशील."

"तीस वर्षं चालवतोय मी हा रस्ता!"

"म्हणूनच. आज मन कुठे असेल कुणास ठाऊक."

मी दारातून बघत राहिले. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. हे काही बाजूला घेईनात. त्या दिवशी कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही असं ठरवूनच निघाले होते बहुतेक.

मला वाटलं, बसने येतील. दुपार कलली तरी पत्ता नाही म्हणून टेकडीवर चढून बघितलं. दोघं किनाऱ्याने चालत येत होते, पायथ्याच्या बाजूने. तिच्या हातात जाळी नव्हती, काही नव्हतं, पण ती पाहणीला चालतात तशी चालत होती, एका सरळ रेषेत, मान खाली. हे तिच्या शेजारी, हात पाठीमागे, जमिनीकडे बघत. मधेच हे थांबले, पुढे बोट दाखवलं. उन्हात काहीतरी उडालं आणि जरा पुढे जाऊन बसलं.

जवळ आल्यावर भांडणच ऐकू आलं.

"एकाने बघायचं, एकाने मोजायचं, असंच करतात. मला एकटीला दोन्ही जमत नाही. पण हळू चालायचं, मामा. हळू!"

"आणखी किती हळू? ट्रॅक्टर याहून जोरात चालायचा!"

"म्हणूनच सांगतेय!"

"मामी," मला बघून ती ओरडली, "याला सांग गं काहीतरी!"

"मला नका मधे घेऊ," मी म्हटलं, आणि उतारावर हात धरायला खाली गेले, कारण ह्यांचे गुडघे एव्हाना बोलत असणार.