मागचा जिना

सकाळी आठ वाजता मागच्या लोखंडी जिन्यावर ठकठक सुरू झाली की वेल्डरची बायको जिन्याखालच्या टेबलावर इस्त्री बाजूला ठेवून पांढरा कोट कपड्यांच्या चळतीवरून उचलायची. वर बघायची गरज नसायची. तिसऱ्या मजल्यावर अकरा मुली राहत होत्या, कॉलेजसाठी कुठून कुठून आलेल्या. पण अशी वाजणारी चाल एकीचीच. तिच्या चपलांच्या टाचांना लोखंडी नाल मारलेली होती. गल्लीने तिचं नावच ठकठक पाडलं होतं. खरं नाव काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

"काकू, कोट?"

"हा घे. बाहीवरचा डाग नाही निघाला. काय सांडतेस गं रोज?"

"अ‍ॅसिड."

"आणि घरी सांगत असशील, शिकतेय म्हणून."

"शिकतेच आहे की. कोट जळतो, मी जळत नाही. दोन वर्षांत एवढं शिकले." ती हसली. मग कोट हातावर टाकत म्हणाली, "काकू, दुसऱ्या मजल्याच्या वळणाखालची सातवी पायरी हलते हो. काकांना सांगा ना."

"अगं, आत्ताच तर त्यांनी अख्खा जिना रंगवला."

"रंग छान आहे. पायरी हलते."

ती गेली. जिन्याशेजारच्या गाळ्यात वेल्डर बसला होता. त्याने सगळं ऐकलं. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा होता, पण हातात काम नव्हतं. बायको दारात आली तेव्हा त्याने मुखवटा वर केला नाही.

"ऐकलंत का?"

"बघतो."

त्याला बघायचं काही उरलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी तो सगळं बघून बसला होता.

कॉलेज मोठं झालं तशी ही गल्ली पालटली. ज्यांची घरं होती त्यांनी खोलीत प्लायवूडच्या भिंती घातल्या. एका खोलीच्या तीन केल्या, गच्चीवर पत्रा टाकला आणि पोरं भरली. जे जुने रहिवासी होते त्यांच्या डोक्याला ताप झाला. जिन्यात पंचवीस जोड चपला, मोरीत तुंबलेलं पाणी, मोठ्याने हसणं, मोठ्याने फोन. त्रास होता, हे कुणी नाकारू नये. पण जो मालक त्रास विकत होता त्याला जाब विचारायची छाती एकाचीही नव्हती. त्याच्याशी रोज राम राम होता. मग राग काढायचा कुणावर? ज्यांचं इथे कुणी नाही त्यांच्यावर.

मालक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली. इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या सेक्रेटरीबाई पहिल्या मजल्यावर राहत. त्यांनी एक अर्ज फिरवला: विद्यार्थिनींनी पुढचा जिना वापरू नये, त्यांनी मागच्या लोखंडी जिन्याने ये-जा करावी. कारण लिहिलं होतं, 'कुटुंबवत्सल वातावरण'. शब्द असा निवडला की सही न करणारा कुटुंबाचा शत्रू ठरावा. चौदा घरांनी सह्या केल्या. वेल्डरनेही केली. त्याची मुलगी बारावीला होती आणि पुढच्या जिन्याला लागूनच तिचं अभ्यासाचं टेबल होतं. पोरीला शांतता मिळावी, एवढाच त्याचा हेतू. आपल्या लेकीच्या अभ्यासासाठी त्याने दुसऱ्यांच्या लेकींना मागच्या दाराने लावलं.

मागचा जिना इमारतीच्या जन्माचा. त्यावरून पूर्वी फक्त पाण्याची टाकी धुणारा माणूस चढायचा, तोही वर्षातून दोनदा. आता अकरा मुली दिवसातून चार-चार वेळा चढू-उतरू लागल्या. जिना कुरकुरू लागला, तेव्हा सरांनी वेल्डरला बोलावलं.

वेल्डरने टोकदार हातोडी घेतली आणि एकेक पायरी वाजवत वर गेला. या धंद्यात लोखंड डोळ्यांनी बघत नाहीत, कानाने बघतात. चांगला पत्रा ठणकन बोलतो. गंजाने खाल्लेला पत्रा गप्प बसतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणाखालची सातवी, आठवी आणि अकरावी, अशा तीन पायऱ्या गप्प बसल्या. त्याने खालून पाहिलं. खालच्या आधाराच्या लोखंडी पट्टीला, अँगलला, जिथे पत्रा जोडलेला, तिथे पापुद्रे सुटत होते.

"सर, या तीन काढून नव्या टाकाव्या लागतील. अँगलही थोडा बदलावा लागेल. पाच दिवस जिना बंद ठेवा."

"पाच दिवस मुली कुठून जातील?"

"पुढून."

सरांनी सेक्रेटरीबाईंच्या दाराची बेल दाबली. वेल्डर मागे उभा होता.

"बाई, फक्त पाच दिवस," सर म्हणाले.

"सर, तुम्ही मला शिकवलंय, तुम्हाला मी काय सांगू? आज पाच दिवस म्हणाल, सहाव्या दिवशी त्या मागे जाणार आहेत का? भटाला दिली ओसरी नि भट हातपाय पसरी. अर्ज झालाय, सह्या झाल्यात." मग वेल्डरकडे बघून बाई म्हणाल्या, "तुमचीही आहे की त्याच्यावर."

वेल्डरने हातोडी पिशवीत घातली.

जिना उतरताना सर हळूच म्हणाले, "सुट्टी लागली की करू सगळं नीट. तोवर जरा डागडुजी कर. दिसायला बरा दिसला पाहिजे, पोरींचे आईबाप येतात भेटायला."

गाळा सरांचा. वरचं घर सरांचं. एकवीस वर्षं कधी 'खाली कर' म्हणाले नाहीत. वेल्डरने लांबी कालवली. लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायचा लगदा. दिसायला दगड, ताकदीला पीठ. तीन पायऱ्यांच्या पोटात त्याने ती दाबून भरली, घासून गुळगुळीत केली आणि वरून हिरवा रंग मारला. काम इतकं सफाईदार झालं की सर म्हणाले, "तुझ्या हाताला जादू आहे."

ठकठकने पायरी हलते म्हणून सांगितलं त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी वेल्डर गाळ्यात गेट जोडत होता. वरून ओळखीचा आवाज येऊ लागला. वळणापासून तो नकळत पायऱ्या मोजू लागला. पाच, सहा. मग पत्रा उलटल्याचा एकच आवाज, आणि त्यानंतर बायकोची किंकाळी.

पोरगी इस्त्रीच्या टेबलापासून हातभर अंतरावर सिमेंटवर पडली होती. शुद्धीवर होती. वेल्डरची बायको तिच्या डोक्याखाली कपड्यांची घडी सरकवत होती, आणि ती एकच विचारत होती, "काकू, पाय आहेत ना माझे? मला दुखत का नाहीये?"

दवाखान्यात सांगितलं, मणका मोडला आहे. जीव वाचेल. चालण्याचं आत्ता काही विचारू नका.

संध्याकाळच्या आत गल्लीने निकाल लावला. "फोनवर बोलत असणार." "उड्या मारतच उतरायची, मी बघितलंय." "आणि त्या चपला. लोखंडावर लोखंड, घसरणारच." चपलांचं कारण सगळ्यांना पटलं, कारण त्यात कुणाचाच हात नव्हता. सरांनी दुसरा कारागीर बोलावून सातवी पायरी त्याच दिवशी नवी बसवून घेतली. आठवी आणि अकरावी तशाच राहिल्या. त्यांच्यावरून दहा मुली चढत-उतरत राहिल्या.

आणि वेल्डर गप्प राहिला. एक दिवस नाही, नऊ दिवस. त्याला वाईट माणूस म्हणून मोकळं होता येत नाही, हीच अडचण आहे. तो कुणाच्या काडीला हात न लावणारा, बायकोवर आवाज न चढवणारा माणूस. नऊ दिवस तो जिन्यावरच्या दर पावलाला दचकायचा, मुली सुखरूप खाली आल्या की श्वास सोडायचा, आणि तोंड मात्र उघडायचा नाही. चांगली माणसं अशीच गप्प बसतात. वाईटांचं फावतं ते यांच्या जिवावर.

दहाव्या दिवशी दुपारी बायकोने ताट वाढलं. त्याने हात धुतले, बसला आणि तसाच उठला.

"खाई त्याला खवखवे म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तर खातही नाही. काय खवखवतंय?"

त्याने सांगितलं. लांबी, रंग, बाईंचं दार, सरांचं 'जादू आहे'. सांगताना तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. बायको भिंतीला टेकली. "मला तिने सांगितलं होतं," ती म्हणाली, "आणि मी तिला म्हटलं, रंगवलाय. मी म्हटलं तिला."

मुलगी आतल्या खोलीत होती. तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"बाबा, तिथे मला कुठल्या जिन्याने जायला सांगतील?"

त्याने वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

त्याच संध्याकाळी सरांचं बोलावणं आलं. ठकठकचा बाप आला होता. सरांच्या दिवाणखान्यात सेक्रेटरीबाई होत्या, आणखी तीन-चार शेजारी होते. टेबलावर एक टाइप केलेला कागद: अपघात मुलीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला, कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली बापाच्या सहीची जागा. त्याखाली साक्षीदाराची, आणि साक्षीदाराच्या नावाआधी लिहिलं होतं, 'जिना मजबूत असल्याची खात्री केलेला कारागीर'.

बाप खुर्चीच्या कडेवर बसला होता, जणू पूर्ण टेकलं तर खुर्ची मळेल. चपला-बूट शिवणारा माणूस. बोटांना काळा दोरा ओढून पडलेल्या चिरा.

"तुम्हा सगळ्यांना माझ्या पोरीचा त्रास झाला," तो हात जोडून म्हणाला. "माफी मागतो. ती नाल मीच मारली. चपला दोन वर्षं टिकाव्यात म्हणून मारली. सर पहिल्याच दिवशी दवाखान्यात म्हणाले, त्यानेच घसरली. मी तिला अजून सांगितलं नाही. तिला कसं सांगू, की तुझ्या बापानेच..."

सेक्रेटरीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. एकाने घसा खाकरला. त्या खोलीत जेवढे होते त्या सगळ्यांना ठाऊक होतं की माफी भलताच माणूस मागतोय. आणि एकानेही त्याला थांबवलं नाही.

सरांनी पेन पुढे केलं. "तुम्ही इथे. आणि तू इथे कर," ते वेल्डरला म्हणाले.

वेल्डरने पेन घेतलं नाही. तो बापासमोर जाऊन खाली बसला.

"दादा, तुमची नाल पक्की होती. मी चपला पाहिल्यात. टाका एक सुटलेला नाही, खिळा एक हललेला नाही. तुमचं काम खरं होतं. माझं खोटं होतं."

"काय बोलतोस तू?" सर म्हणाले. "डोकं फिरलंय का?"

"चला मागे."

तो गाळ्यातून टोकदार हातोडी घेऊन जिन्यावर गेला. सगळे मागोमाग आले. आठव्या पायरीवर त्याने एकच घाव घातला. हिरव्या रंगाचा तुकडा उडाला, पांढरी लांबी भुगा होऊन खाली सांडली आणि हातोडीचं टोक पत्र्यातून आरपार गेलं. खालून त्यातून उजेड दिसला.

"ही मी भरली. अकरावीही मीच भरली. सातवीही. तीन आठवड्यांनी तुमची पोरगी पडली. पाच दिवस जिना बंद ठेवायचा होता, तर आम्हाला तुमच्या पोरी पुढच्या जिन्यावर पाच दिवस चालल्या नसत्या. या बाईंना चालल्या नसत्या, चौदा घरांना चालल्या नसत्या. त्यात माझं घर आहे. साक्ष द्यायची तर मी हीच देईन, आणि जिथे द्यायची तिथे देईन."

बापाने जिन्याकडे पाहिलं. मग वेल्डरकडे. सगळ्यांना वाटलं, तो आता मारेल. वेल्डरलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने हातोडी खाली ठेवली आणि हात बाजूला सोडले. बाप फक्त म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंत? मी दहा दिवस त्या चपला उशाशी घेऊन बसलोय."

कागदावर सही झाली नाही. वेल्डरने पोलिसांत जबाब दिला, त्यात स्वतःचं नाव पहिलं घातलं. खटला चालू आहे. सरांनी त्याला गाळा आणि घर सोडायला सांगितलं. गल्लीने बोलणं टाकलं. ठकठकला दवाखान्यात नेणारी रिक्षा याच गल्लीतली, पण वेल्डरचं सामान न्यायला तिला वेळ नव्हता. सेक्रेटरीबाई बायकोला म्हणाल्या, "अहो, तुमच्या यजमानांनी गल्लीचं नाव घालवलं." मुली राहिल्या नाहीत. एकेक करून ट्रंका घेऊन गेल्या. तोवर आठवी आणि अकरावीही नव्या बसल्या होत्या; जाताना पुढचा जिना मोकळा ठेवला होता, तरी त्या सवयीने मागूनच उतरल्या. आता गल्लीत शांतता आहे. हवी होती ना? मिळाली.

महिन्याभराने वेल्डर लेकीला घेऊन त्या दुसऱ्या शहरात खोली बघायला गेला. घरमालकीण बोलायला गोड होती. कॉट, खिडकी, पाणी सगळं दाखवलं. मग म्हणाली, "नियम फार नाहीत. फक्त येणं-जाणं मागच्या बाजूने. पुढे घरातली माणसं असतात."

लेकीने बापाकडे पाहिलं. वेल्डर काही न बोलता मागे गेला. लोखंडी जिना, ताजा निळा रंग. त्याने पिशवीतून टोकदार हातोडी काढली.

"अहो, हे काय?" मालकीण हसून म्हणाली. "मुलीला खोली हवीय की जिना विकत घ्यायचाय?"

"दोन मिनिटं, बाई."

तो पायऱ्यांच्या खाली शिरला, पाठीवर आडवा झाला आणि पहिली पायरी खालून वाजवली. मग दुसरी. अंगणात उभ्या असलेल्या दोघी ऐकत होत्या. वाचणाऱ्या, तुझ्या घरामागेही असाच एक जिना असेल, आणि त्याच्यासाठी फिरलेल्या अर्जावर तुझी सही असेल. तू त्याच्या खाली कधी शिरलास?

तिसऱ्या पायरीवर हातोडी पडली. लोखंड गप्प बसलं.