एका गेटवर दोन सिक्युरिटी

जयमालानं पुन्हा लिंक दाबली. पान उघडलं, पांढरं पडलं आणि ब्राउझर आपोआप बंद झाला.

"बघा भाऊजी. परत गेलं."

रणजीतनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तो जयमालाच्या नवऱ्याचा, अजिंक्यचा, वर्गमित्र. महाळुंग्यातच त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गुरुवार होता, कंपन्यांना आठवड्याची सुट्टी होती, म्हणून रस्त्यावर कंटेनर नव्हते आणि घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं.

तीन वाजता जयमालाची मुलाखत होती. हिंजवडीच्या एका ऑफिसची, लॅपटॉपवरून द्यायची. मागची अशीच बुडाली होती. ती नाव सांगत असतानाच पडदा गेला. ही बुडाली तर सोमवारी समोरच्या कंपनीत रुजू व्हायचं. ज्या शेडमध्ये अजिंक्य प्रेसखाली सापडला, त्याच शेडमध्ये. सहानुभूती म्हणून दिलेली नोकरी. फार दयाळू माणसं.

"आधी सिक्युरिटी बंद करून बघू," रणजीत म्हणाला. "दहा मिनिटं. काय होत नाही."

जयमालाच्या हातातला कप बशीवर आपटला.

अजिंक्यचा सुपरवायझर हेच म्हणाला होता. प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो सारखं मशीन थांबवतो, माल कमी निघतो, म्हणून बंद ठेवला. थोडा वेळच. नंतर चौकशीच्या कागदावर लिहून आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ते लिहिणाऱ्याचे दोन्ही हात शाबूत होते.

रणजीतची मान खाली गेली. "वहिनी, मी आपलं लॅपटॉपचं..."

"करा."

खिडकीशी कॉटवर भिमाजी, अजिंक्यचा बाप, बाहेर बघत बसला होता. खिडकीतून कंपनीचं गेट दिसायचं. भिमाजीची जमीन गेली, जमिनीवर कंपनी आली आणि कंपनीच्या गेटवर भिमाजी वॉचमन म्हणून उभा राहिला. निवृत्त होईपर्यंत.

"आयला," रणजीत म्हणाला. "दोन अँटिव्हायरस आहेत की यात! एक अजिंक्यनं टाकलेलं. दुसरं आत्ता कधीतरी कुणी टाकलंय."

"मग दोन असले तर चांगलंच ना?"

"नाही ना वहिनी. एका गेटवर दोन सिक्युरिटी बसवले तर काय होईल? हा म्हणतो पास मला दाखव, तो म्हणतो मला. दोघं मिळून गाडीवाल्याचीच कॉलर धरतात. हा ब्राउझर म्हणजे तो गाडीवाला. तात्या, बरोबर का?"

भिमाजी हसला नाही.

"कुणी टाकलं हे दुसरं?" रणजीतनं विचारलं. "वहिनी, तुम्ही?"

"मला कुठं येतं त्यातलं?"

"तात्या?"

खिडकीतून नजर न काढता भिमाजी म्हणाला, "मी टाकून घेतलं. चिखलीत. तिथं एक दुकान हाय."

"चिखलीला? माझं दुकान चार पावलांवर सोडून?"

"तुला काय सांगणार हुतो?"

"पण कशाला टाकलं, मामा?" जयमालाचा आवाज चढला. "माझी मागची मुलाखत त्यापायी गेली! मला त्या शेडमध्ये पाठवायचंय का तुम्हाला?"

भिमाजीनं मांडीवरची टोपी उलटी केली, परत सुलटी केली.

"तू मशीन चालू करून चहाला जायचीस. मग त्याच्यात लिवून यायचं. आधी पोराचं नाव. आन् फुडं एक्स्पायर."

इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण पोराचं नाव ओळखू यायचं, आणि हा एक शब्द तर लांबूनही. गेटवर सगळी उमर तोच तर वाचला. पास एक्स्पायर झालाय, आत न्हाई जायचं. मग दवाखान्यात डॉक्टर बाहेर आला आणि भिमाजीच्या खांद्यावर हातसुद्धा न ठेवता म्हणाला, पेशंट एक्स्पायर झाला.

"रोज लिवून यायचं," भिमाजी म्हणाला. "दुकानवाल्याला म्हनलं, हे दिसाया नगं. तो म्हनला, नवीन टाकतो, मग न्हाई दिसनार."

जयमाला उठली आणि त्याच्याजवळ कॉटवर बसली.

रणजीत पडद्याकडे वळला. "वहिनी, एक काढावं लागेल. अजिंक्यचं जुनं आहे, मुदत संपलेलं. तेच काढायला पाहिजे."

"काढा."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर नवी चौकट आली. इंग्रजीत काही ओळी, खाली एक रिकामा रकाना. रणजीतनं घाईनं ती बंद करायला बोट नेलं.

"थांबा," जयमाला म्हणाली. ती लॅपटॉपपाशी येऊन वाचत राहिली.

"काय म्हनतंय?" भिमाजीनं विचारलं.

"म्हणतंय, अजिंक्य, तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं." ती थांबली. "जाण्याचं कारण सांगाल का, असं विचारतंय."

"सगळ्यांनाच विचारतं हो ते," रणजीत पुटपुटला. "कुणी वाचत नाही. सोडून द्या."

भिमाजी कॉटवरून उठला, भिंतीला धरत आला आणि तिच्यामागं उभा राहिला.

"लिही," तो म्हणाला. "मराठीत लिही. मला वाचता आलं पायजे."

जयमालानं एकेक अक्षर शोधून लिहिलं. भिमाजी वाकला. गेटवर पास वाचायचा तसं, रकान्याखाली बोट धरून त्यानं वाचलं:

"प्रेसचा सेन्सर बंद ठेवला होता."

त्यानं पुन्हा एकदा वाचलं. काही खाडाखोड आहे का ते बघितलं. मग सरळ उभा राहिला आणि गाडी सोडताना करायचा तसा हात वर केला.

"बराबर हाय. जाऊ दे त्याला."

जयमालानं बटण दाबलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तिनं लिंक उघडली. पान उघडलं, आणि उघडंच राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि केस नीट केले.

भिमाजीनं प्लास्टिकची खुर्ची उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि घराकडं पाठ करून बसला.