कुंकू न धरणारी गाडी

"गाडी घेतलीय का आरसा?"

पाथर्डी फाट्यावरच्या त्या दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या नवसाबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हातातलं पूजेचं ताट काचेच्या टेबलावर आदळलं. नारळ गडगडला. सून सुवर्णानं तो पडता पडता धरला.

दुकान कसलं, दवाखानाच होता. पांढऱ्या भिंती, डोळ्यांत घुसणारे दिवे, पाय ठरणार नाही अशी गुळगुळीत फरशी. मधोमध नवी गाडी उभी होती, गडद निळी. शोरूममधून निघाली ती घरी न येता थेट इथं आली होती आणि आठ दिवस इथंच मुक्कामाला होती. नवसाबाईला ही गोष्ट काल कळली. मखमलाबादच्या मळ्यात आजवर पाण्याची मोटार आली, पिकअप आली, ठिबकच्या नळ्या आल्या. तिला विचारल्याशिवाय साधी बादली घरात शिरली नव्हती. ही गाडी मात्र परस्पर आली आणि परस्पर कुणाच्या तरी हवाली झाली. कळल्याबरोबर तिनं बजावलं होतं, पूजा झाल्याशिवाय चाक रस्त्याला लागायचं नाही. तुम्ही गाडी आणू नका, मीच ताट घेऊन येते.

"आठ दिवस काय लोणचं मुरत घातलं व्हतं का?"

"आई, कोटिंग केलंय. सिरॅमिक." समाधान हळू आवाजात म्हणाला. बाजारात आडत्याशी भावावरून भांडणारा हा बाप्या आईपुढं अजून चाळिशीतही खाली बघून बोलायचा. "रंगाला जपतं ते."

"कंपनीनं रंग दिला तो काय उधारीवर दिलाय? रंगावर परत रंग?"

"रंग नाही आजी, थर असतो. काचेसारखा, दिसत नाही." दुकानाचा मालक पुढं आला. कुंदन त्याचं नाव. कळवणकडचा, हसतमुख, हातात मऊ पिवळं फडकं. "बघा ना, कशी चमकतीय."

"दिसत नाय त्याचे पैसे घेतो, आन् वर बघा म्हणतो." नवसाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. बैल विकत घेताना मारावी तशी. "बरं, ह्यानं व्हतं काय? दगड उडाला तर थांबतो?"

"दगडाचा चरा पडेलच आजी. मी खोटं सांगणार नाही. त्याला वेगळी फिल्म लागते."

"कुणी गाडी घासून नेली तर?"

"नाही, तेही नाही."

"मंग शेतात बुजगावणं उभं करायचं तसं केलंय म्हण की. नुसतंच उभं."

सुवर्णाला हसू आलं, ते तिनं पदरात दडवलं. नवसाबाईनं ते बरोबर टिपलं. सून आपल्या बोलण्याला हसली की आपल्याला, एवढंच कळलं नाही, आणि त्यामुळं ती आणखी चिडली.

"चला, पानी द्या वाटीत," ती म्हणाली. "शेवंतीचा माल तसाच पडलाय घरी. मला दिवसभर इथं आरशात तोंड बघायचं नाय."

तिनं वाटीत कुंकू कालवलं. घट्ट, तिच्या पद्धतीचं. ह्या कामात तिला कुणाची लुडबुड चालत नसे, आणि त्याला कारणही होतं. नवरा, बहिरू, गेला त्या वर्षीच्या दसऱ्याला चुलत जाऊ साळूबाई भर गल्लीत म्हणाली होती, "नवसा, आता ताट सुनंच्या हाती दे. तुझ्या हातचं चालत नाय." नवसाबाईनं तिच्या डोळ्यांत डोळे घालून बोट कुंकवात बुडवलं होतं. "पिकअपला इचार, तिला चालतंय का. माझ्या फुलांवर आलीय ती." आणि बॉनेटवर हे एवढं स्वस्तिक काढलं होतं. तेव्हापासून दर दसऱ्याला, दर अमावस्येला ते स्वस्तिक तिनं पुन्हा पुन्हा गिरवलं. गल्ली हळूहळू गप्प बसली. साळूबाई बसली नाही, पण तिचा आवाज खाली आला.

नवसाबाईनं निळ्या बॉनेटवर अनामिकेनं उभी रेघ ओढली. आडवी ओढली. चार टोकं वळवली. हात मागं घेतला.

आणि स्वस्तिक फुटलं.

आधी रेघांच्या मधे मधे फटी पडल्या. मग पाणी आक्रसलं, त्याचे गोल गोल थेंब झाले, लालभडक, अळूच्या पानावर असावेत तसे. एक थेंब हलला, तो दुसऱ्याला जाऊन मिळाला, आणि दोघं मिळून बॉनेटच्या उतारावरून नंबरप्लेटवर घरंगळले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. नवसाबाईनं पुन्हा बोट बुडवलं, जोर लावून रेघ ओढली. तीही तशीच गेली. तिसऱ्यांदा तिचं बोट वाटीपर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं.

"एक नंबर!" कुंदन ओरडला. त्याच्या हातात मोबाईल कधी आला कुणाला कळलं नाही. "आजी, प्लीज, परत एकदा काढा ना. व्हिडिओ करतो. असा डेमो मला पैसे देऊन मिळाला नसता!"

"तुझ्या आईला काढायला सांग," नवसाबाई म्हणाली.

कुंदनचा मोबाईल खाली गेला. बिचाऱ्याला आपलं काय चुकलं ते उमगेना. सावरून घ्यायला तो भराभर बोलत सुटला. "तसं नाही आजी, हे चांगलंच आहे. ह्यासाठीच तर असतं कोटिंग. चिखल धरत नाही, झाडाचा चीक धरत नाही, कबुतराची घाण, हळद, कुंकू, काहीच बसत नाही. दादांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, बाकीचं राहू द्या, कुंकवाला टिकेल असं करा…"

समाधाननं त्याच्याकडं बघितलं, पण तोवर उशीर झाला होता.

नवसाबाईनं वाटी टेबलावर ठेवली. आदळली नाही, ठेवली. समाधानला आदळणं परवडलं असतं.

"कबुतराची घाण आन् माझं कुंकू," ती म्हणाली. "येकाच पंगतीला बसवलं का रे?"

"आई, तसं नाही."

"मंग कसं? सांग की. ह्या मानसाला सांगितलं, मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" समाधानचा आवाज चढला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. "पिकअपचं बॉनेट बघितलंस कधी? कुंकवानं रंग खाल्ला, खालचा पत्रा खाल्ला. स्वस्तिकाच्या आकाराचा गंज बसलाय. दोनदा रंगवून आणलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तू बोट घेऊन हजर. बाजारात पोरं हसतात. मी कधी बोललो तुला?"

"त्याच पिकअपनं तुला वर आणलंय."

"आणलंय ना! नाही कोण म्हणतंय? पण ही गाडी मला अशी खाऊ द्यायची नव्हती."

खाऊ द्यायची नव्हती. म्हणजे खाणारी कोण, ते समाधान बोलला नाही, आणि बोलायची गरजही नव्हती.

"आत्याबाई," सुवर्णा मधे पडली, "त्यांच्याकडं स्वस्तिकाचा स्टिकर मिळतो म्हणे, सोनेरी. फुकटच देतात. तुम्हीच लावा, तुमच्याच हातानं."

"तुझ्या कपाळाला लाव," नवसाबाई म्हणाली. मग कुंदनकडं वळली. "किती दिवस टिकतं रे हे तुझं?"

"नीट ठेवलं तर तीन वर्षं. पाचही जातात, आजी."

"बराबर हाय. तवर मी बी जाईन. हिशेब लावूनच केलंय पोरानं."

कुंदननं पिवळं फडकं एकदाच फिरवलं आणि बॉनेट जसं होतं तसं झालं. बोट कुणी लावलंच नव्हतं जणू.

घरी येताना नवसाबाई मागं बसली. समाधाननं पुढचं दार उघडून धरलं होतं. तिकडं तिनं बघितलंही नाही. मांडीवर ताट, ताटात न फोडलेला नारळ, न वाहिलेला शेवंतीचा हार. गंगापूर रोडवर सिग्नलला एक टेम्पो अगदी खेटून उभा राहिला तेव्हा समाधाननं काच खाली करून त्याला शिवी घातली. रामवाडीचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत तेवढाच काय तो आवाज झाला. एरवी नवसाबाई रस्त्याला शिव्या द्यायची, खड्ड्यांना द्यायची, आभाळाला द्यायची. आज ती खिडकीबाहेर बघत होती, आणि काच इतकी स्वच्छ होती की मधे काच आहे हेच वाटत नव्हतं.

गाडी गल्लीत वळली. साळूबाई ओट्यावर मेथी निवडत होती. गाडी बघून तिनं मांडीवरची भाजी खाली सारली, उठली, चष्मा वर केला आणि सावकाश चालत पुढं आली. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. पुन्हा समोर येऊन बॉनेटपाशी थांबली.

"का गं नवसा," ती म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, "नवी गाडी आन् अशी बोडकी? कुंकवाचं बोट नाय, फुलाची पाकळी नाय. का पोरानं शेवटी ताट काढून घेतलं तुझ्याकडनं?"

समाधान गाडीतून उतरत होता, तो तसाच थबकला. त्याचं तोंड उघडलं. सुवर्णानं मान खाली घातली.

नवसाबाई मागच्या दारातून बाहेर आली. पदर सारखा केला. ताट सुवर्णाच्या हातात दिलं.

"मीच नको म्हणले," ती म्हणाली.

"तू?"

"मंग काय तुला इचारू? कोटिंग केलंय तिला. शिरामिक. नाव तरी ऐकलंय का? काचेचा थर असतो, तुला ह्या जन्मात दिसायचा नाय. चिखल धरत नाय, चीक धरत नाय, पानी टाकलं का मोती होऊन पळतंय. तीन वरसं बघायला नको, पाच बी जात्यात. आठ दिवस ठिवली व्हती तिथं, मी म्हणले घाई नका करू, चांगलं मुरू द्या." दम घ्यायला ती जेमतेम थांबली. "आन् तुझ्या धाकट्याच्या गाडीचा टप बघ जरा. उन्हानं पापुद्रे सुटलेत. त्याला म्हणावं, मला येऊन इचार, मी पत्ता देते."

"पण बाई, शुभ म्हणून येक बोट तरी…"

"कुंकू रंग खातं, साळू," नवसाबाई म्हणाली. आवाज आता तेवढा मोठा राहिला नव्हता. "पत्रा बी खातं. आमच्या पिकअपवर बघितलंय मी."

समाधान आईकडं बघत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

मेथीच्या मातीनं भरलेला हात साळूबाईनं लुगड्याला पुसला आणि बॉनेटच्या दिशेनं नेला, खरंच गुळगुळीत आहे का ते बघायला.

"हात नको लावू," नवसाबाई म्हणाली. "लांबून बघ."

साळूबाईचा हात मागं आला. ती एक पाऊल मागं सरली. नवसाबाईही सरली, आणि दोघी म्हाताऱ्या जावा गाडीपासून सारख्याच अंतरावर उभ्या राहून ती बघत राहिल्या.