अडणारी काडतुसं आणि डेल्मरचं डोकं

गुरुवारी नेमबाजीच्या क्लबमध्ये आर्लीन स्वोबोडाचं पिस्तूल पुन्हा अडलं, तेव्हा शेजारच्या खणातून लाइलने मान बाहेर काढली. "काय गं, काडतुसात दारूऐवजी बटाट्याचा लगदा भरलास का यंदा?"

सगळे हसले. आर्लीनही हसली, पण तिचं लक्ष पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाकडे, स्लाइडकडे होतं. ती पूर्ण मिटायची, ती जरा अलीकडेच थांबली होती, आणि अंगठ्याने रेटूनही ढिम्म हलत नव्हती. मॅगझिन बदलून झालं होतं, तेल घालून झालं होतं.

घरी भरलेली काडतुसं तिथे कुणी कुणाला देत नाही आणि कुणी कुणाची घेत नाही, मग सख्खा भाऊ का असेना. म्हणून लाइलने दुकानातल्या काडतुसांचं बंद खोकं तिच्याकडे सरकवलं. "ही घालून बघ. पिस्तुलाचा दोष असेल तर ह्यांनाही अडेल."

त्यातली एकूण एक सुरळीत गेली. लाइलला वाटलं बाईला बरं वाटेल. आर्लीनला मात्र नाही वाटलं. पिस्तूल मोडलेलं निघालं असतं तर तिने आनंदाने नवं घेतलं असतं.

कारण असं होतं. दोघांची काडतुसं वर्षानुवर्षं तिचा नवरा डेल्मरच भरायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून तळघरातल्या बाकावर बसून काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा आर्लीन ओढायची आणि तो शेजारच्या स्टुलावरून सांगायचा. हात तिचे, डोकं त्याचं. गेल्या महिन्यात त्याने नातीला मुलीच्या नावाने हाक मारली. चर्चच्या आवारात गाडी चालू ठेवून तो आत प्रार्थनेला येऊन बसला. लिंकन शहरात नर्स असलेल्या जॅनेलने, त्यांच्या मुलीने, हे ऐकलं आणि फोनवर सांगून टाकलं, "आई, मी रविवारी येते. बाबांची स्मरणशक्ती तपासून घेऊ. आणि ते तळघरातलं प्रकरण आता बंद."

आर्लीन फणकारली होती, "तुझ्या बापाला त्याच्या काडतुसाचं माप केसाएवढंही चुकत नाही. ते चुकेल त्या दिवशी मी स्वतः त्याला घेऊन येईन."

बोलून बसली होती खरी. आता तेच माप अडत होतं.

शनिवारी दुपारी जेवणं उरकून दोघं तळघरात उतरली. डेल्मर दोन दिवस जरा गप्पच होता. स्टुलावर बसून त्याने हात मांडीखाली दाबून धरले.

"नळी काढ," तो म्हणाला. "पिस्तुलातून पूर्ण बाहेर काढ. आणि त्यात तुझं एक काडतूस नुसतं सोड. ढकलायचं नाही."

तिने नळी उभी धरली आणि काडतूस सोडलं. ते आत गेलं आणि बूड बाहेर ठेवून थांबलं. जेमतेम नखाच्या जाडीएवढं वर राहिलं होतं.

"लांबी बघ."

तिने बारीक माप घ्यायचं कॅलिपर लावलं आणि आकडा वाचला. त्याने डोळे मिटून तोच आकडा तिच्याबरोबर उच्चारला. लांबी त्याने सांगितली तितकीच होती. म्हणजे तिचा हात बरोबर होता. मग सांगणाऱ्यालाच आकडा चुकीचा आठवत होता की काय?

डेल्मरलाही ते कळलं असावं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मार्कर घे. काळा. गोळी सगळी रंगव, पितळी पुंगळीच्या तोंडापर्यंत. वाळली की परत सोड, आणि बोटाने जरा फिरव. जिथे घासतं तिथली शाई जाईल."

तिने तसं केलं. काडतूस बाहेर काढून दिव्याखाली धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

"काय दिसतंय?"

तिने काडतूस दिव्याच्या आणखी जवळ नेलं.

"अगं, काय दिसतंय?"

"डेल्मर," ती हळूच म्हणाली, "ओरखडे आहेत. सहा. अगदी सारख्या अंतरावर."

नळीच्या आत पीळ असतो, गोळीला गिरकी देणारा, हे तिला माहीत होतं. आयुष्यभर तिने ती नळी पुसली होती. पण तो पीळ नेमका कुठे सुरू होतो हे कधी दिसलं नव्हतं, दिसायची सोयच नव्हती. आणि आता त्या काळोख्या भोकातल्या सहा कडांनी मऊ शिशावर आपापली जागा काढून दाखवली होती. इतक्या बारीक, इतक्या नीट, की आर्लीनने श्वाससुद्धा जपून सोडला. चर्चमध्येही आपण इतक्या गप्प नसतो, असं तिच्या मनात आलं.

"कुठे आहेत?" त्याने विचारलं. "नाकावर की खांद्यावर?"

गोळीचं निमुळतं नाक संपून जाड भाग सुरू होतो, तिथे एक पायरी असते. त्या पायरीला ती दोघं खांदा म्हणत. ओरखडे तिथेच होते.

"खांद्यावर."

"मग खांदा फार पुढे आलाय. पिळावर टेकतोय." त्याच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "माझ्या वेळचं एखादं काडतूस असेल बघ त्या वरच्या डब्यात. शेजारी उभं कर."

तिने तसं केलं. दोन्ही काडतुसं उंचीला तंतोतंत सारखी. पण जुन्याचं नाक लांब होतं आणि खांदा पुंगळीतून जेमतेम डोकावत होता. नव्याचं नाक बसकं आणि खांदा चांगला वर आलेला. जुनं तिने नळीत सोडलं. ते टक्कन तळाला बसलं.

आर्लीनने हळूच खुर्ची मागे घेतली. आता तिला सगळं समजलं होतं.

"ह्या गोळ्या तू ओतलेल्या नाहीत," ती म्हणाली.

"मग?"

"उन्हाळ्यात तू शेगडीवर शिसं वितळवायला बसलास की तुझे हात बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. म्हणून मी जत्रेतल्या एका माणसाकडून तयार गोळ्या आणल्या. वजन तेच होतं. मला वाटलं शिसं ते शिसं. तुझ्या डब्यात ओतल्या आणि तुला सांगितलंच नाही."

डेल्मरने दोन्ही काडतुसांवरून नजर फिरवली. "वजन तेच, साचा वेगळा. बसकं नाक. आणि आपण लांबी मोजली शेंड्यापासून, म्हणून खांदा वर राहिला."

"तुझा आकडा बरोबर होता, डेल्मर. तुझ्या गोळीसाठी तो केसाएवढाही चुकला नव्हता."

हे बोलताना तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. दिवसभर चष्मा शोधणारा हा माणूस. त्याच्या डोक्यात तो बारीकसा आकडा इतकी वर्षं जसाच्या तसा बसून होता, आणि ती दोन दिवस त्याच्यावर संशय घेत होती. तिला लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर मावेना.

"गोळी बसवायची डाय थोडी खाली घे," तो म्हणाला. "शेंडा विसर. खांदा जुन्याच्या खांद्याला लावून बघ. गोळीचं बूड तेवढं आत जाईल, पण दारूचा बार हलका आहे, काळजी नाही."

तिने डाय जराशी फिरवली, दांडा ओढला, काडतूस नळीत सोडलं. ते टक्कन बसलं, आणि नळी उलटी करताच घसरून तिच्या तळहातावर आलं.

"आता जॅनेलला फोन करते," आर्लीन म्हणाली. "म्हणावं, येऊ नकोस. आली तर नुसती जेवायला ये."

"नको. येऊ दे."

"का?"

डेल्मरने मांडीखालचे हात काढले. "तू गुरुवारी येऊन सांगितलंस ना, अडलं म्हणून. तेव्हापासून दोन्ही दिवस मी पहाटे उठून आकडे म्हणतोय. काडतुसाचे, आपल्या पहिल्या गाडीच्या नंबराचे, तुझ्या आईच्या फोनचे. म्हटलं, डोकं गळायला लागलं. मी काल दुपारी जॅनेलला फोन केला. म्हटलं, मला तपासायला ने, आणि आईला सांगू नकोस. उद्या माझ्या सांगण्यावरून काही भरशील आणि तुझ्या तोंडासमोर फुटेल."

मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, आर्लीन, मी गेलो."

तिने प्रेस तसाच सोडला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हात काही थांबला नाही. तो थरथरत राहिला, आणि त्याच्याबरोबर तिचे दोन्ही हातही थरथरत राहिले.